सारथीची परवानगी

आमच्या गाडीला किल्ली नाही. म्हणजे खिशात ठेवायची, हरवायची, सापडली की तिलाच चार शब्द सुनावायचे, तशी किल्ली नाही. फोन हीच किल्ली. फोन जवळ असला की गाडी माणसाला ओळखते, दार उघडतं, आत बसलं की सुरू होते. निदान गाडी विकणाऱ्याने दाखवलं तेव्हा तरी तसं झालं होतं. तेव्हापासून आजवर मी त्या गाडीसमोर जितकी ताटकळले आहे, तितकी लग्नाआधी नवऱ्यासाठीही ताटकळले नव्हते.

कधी फोनची बॅटरी संपलेली. कधी तळघरातल्या पार्किंगमध्ये नेटवर्क नाही. कधी ॲप म्हणणार, आधी मला अपडेट करा, आणि पाऊण तास गोल गोल फिरत बसणार. मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. कवळ्या बनवते आणि बनवलेल्या कवळ्या दवाखान्यांत पोचवते. दिवसभर बोटांना प्लास्टर आणि मेण. त्या बोटांचे ठसे फोन मानत नाही. एका हातात कवळ्यांचा डबा, दुसऱ्या हाताचं बोट पदराला पुसून पुसून लाल झालेलं, तिकडे दवाखान्यात कुणीतरी बिनदाताचं तोंड घेऊन माझी वाट बघतंय, आणि ही बया म्हणते, पुन्हा प्रयत्न करा. माझा स्वभाव मुळात तापट. गाडीच्या चाकाला मी लाथ मारलेली शेजाऱ्यांनी पाहिली आहे.

गाडी नवऱ्याने हौसेने घेतली होती. त्याला अशा गोष्टींचं भारी वेड. घरातला पंखा, दिवे, गिझर, सगळं त्याच्या फोनमध्ये. गाडीची मुख्य किल्ली अर्थातच त्याच्या फोनमध्ये होती आणि तिथे त्याने स्वतःचं नाव लिहिलं होतं, ‘सारथी’. माझ्या फोनमधल्या किल्लीचं नाव होतं ‘पाहुणी’.

“एवढा संसार केला आणि मी पाहुणी?” मी विचारलं होतं.

“अगं, त्यात दोनच प्रकार आहेत. एक मालक, बाकीचे पाहुणे. मी काय करू?”

पाहुणीची परवानगी महिन्याभराची असायची. संपत आली की त्याच्या फोनवर आपोआप विचारणा जायची, पाहुणीला परवानगी वाढवून द्यायची का? हो किंवा नाही. गाडीकडून काही निरोप आला की कळावं म्हणून त्याने स्वतःची शिट्टी त्या फोनमध्ये भरून ठेवली होती. पहिला सूर खालचा, दुसरा वर चढत जाणारा आणि शेवटी जरासा लचकणारा. कामावरून आला की फाटकातूनच तो हीच शिट्टी मारायचा आणि मी चहाचं आधण ठेवायचे. महिन्यातून एकदा जेवताना फोनमधून ती शिट्टी वाजायची. तो उष्ट्या हाताची करंगळी वाकडी करून ‘हो’ दाबायचा आणि म्हणायचा, “घे. राहा अजून एक महिना.”

ही शिट्टी मूळची त्याची नव्हती, बाबांची. बाबा म्हणजे माझे सासरे. जन्मभर बस चालवली. डेपोतून घरी येताना गल्लीच्या तोंडाशी ते शिट्टी मारायचे आणि पोरगं धावत सुटायचं. पोरगं मोठं झालं आणि शिट्टी त्याच्याकडे गेली. पुढे बाबांचे दात पडले. त्यांची कवळी मी माझ्या हाताने केली, त्यांच्या जुन्या फोटोतले पुढचे दात बघून, जरासे पुढे आलेले, तसेच. बसली छान. पण कवळीने शिट्टी वाजत नाही. जीभ जिथे टेकायची तिथे आता प्लास्टिक असतं, नुसती हवा येते. “सूनबाई, तू मला दात दिलेस आणि शिट्टी काढून घेतलीस,” असं ते येईल त्या पाहुण्याला सांगायचे. मी म्हणायचे, “शिट्टी हवी की भाकरी, ते एकदा ठरवा.”

फोनच्या किल्लीवर बाबांचा काडीचा विश्वास नव्हता. “किल्ली हाताला लागली पाहिजे,” ते म्हणायचे. “ती फिरवताना इंजिन काय म्हणतंय ते मनगटाला कळतं. ही तुमची गाडी म्हणजे मुकी आहे. बघते आणि दार उघडते.” नवरा हसायचा. त्या दोघांचं यावरून रोज जुंपायचं आणि मला त्याचा कंटाळा यायचा. आज कुणी ते भांडण परत आणून दिलं तर मी दिवसभर ऐकत बसेन.

गेल्या थंडीत नवरा रस्त्यात कोसळला. दाढीचं सामान आणायला चालत गेला होता. अनोळखी लोकांनी उचलून दवाखान्यात नेलं. आम्ही पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. त्याच्या अंगावरच्या वस्तू घ्यायला माझे पाय उचलेनात, म्हणून बाबा आत गेले. घड्याळ, पाकीट, चष्मा, बूट असं एका पिशवीत घेऊन आले.

“फोन?” मी विचारलं होतं. अशा वेळी माणूस काय विचारेल याचा नेम नसतो.

“फोन नव्हता त्यात,” बाबा म्हणाले.

गर्दीतल्या कुणीतरी उचलला असेल, असं सगळेच म्हणाले. पुढे मी तो नंबर बंद करून टाकला. नंबर बंद करायच्या आधी एकदा बाहेरून लावून बघितला होता. नुसतीच घंटा वाजत राहिली.

मग मी कामाला लागले. न लागून सांगते कुणाला. पहिला महिना कसा गेला ते मला आठवत नाही. एक दिवस लॅबमध्ये मी मेणात दात लावत बसले होते. पुढचे लावून झाले होते, दाढा बाकी होत्या. टेबलावरचा माझा फोन थरथरला. त्यावर लिहिलं होतं, ‘सारथीने तुमची परवानगी वाढवली आहे.’

माझ्या हातातला दात खाली पडला. तो टेबलाखाली कुठे गेला ते मी शोधलंही नाही. मग मी स्वतःची समजूत घातली, यंत्र आहे, आपलं आपण वाढवत असेल. समजूत पटली नाही, पण उपयोगी पडली. पुढच्या महिन्यात तोच निरोप परत आला, त्याच्या पुढच्या महिन्यातही आला. कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर लोकांनी गाडीकडे न बघता माझ्याकडे बघितलं असतं.

त्याहून वाईट होतं ते खुर्चीचं. या गाडीत ज्याची किल्ली जवळ असेल त्याच्या मापाने खुर्ची सरकते, आरसे वळतात, पडद्यावर त्याच्या नावाने स्वागत होतं. नवरा ताडमाड उंच आणि मी त्याच्या खांद्याएवढी. सकाळी मी दार उघडायचे, आणि खुर्ची सरसर करत मागे जायची. अगदी मागे, तो पाय पसरून बसायचा तितकी. आरसा वर वळायचा. पडदा उजळायचा आणि म्हणायचा, ‘या, सारथी.’

पहिल्यांदा मी दार तसंच उघडं टाकून मागे सरले. एखाद्याला बसायला जागा करून दिली जावी, तसं वाटलं. तो बसला असेल, असं मला वाटेपर्यंत मी तिथे उभी राहिले. मग उशीर होत होता म्हणून खुर्ची पुढे घेतली आणि निघाले. वाटभर मागचा आरसा छत दाखवत होता. तो खाली वळवायला मला धीर झाला नाही.

रोज असं व्हायचं नाही. शेजाऱ्यांकडे कुणी आलं आणि आमची जागा अडवली, की मी गाडी फाटकाजवळ लावायचे. तिथे ती शहाण्यासारखी वागायची. ‘या, पाहुणी’ म्हणायची, खुर्ची हलायची नाही. इमारतीच्या भिंतीला लागून असलेल्या आमच्या जागेवर लावली की मात्र तो हजर. मी मनाशी म्हटलं, बरोबर आहे, आपल्या जागेवर येतो. जिवंतपणीही दुसरीकडे कुठे गाडी लावायला राजी नसायचा. हळूहळू मला त्याची सवय झाली. भीती गेली नाही, पण भीतीच्या सोबतीने मी दार उघडायला लागले. एखाद्या सकाळी तर गाडी जागेवर असूनही खुर्ची हलली नाही, तेव्हा दिवसभर चुटपुट लागून राहिली.

मग गाडी बनवणाऱ्या कंपनीचं पत्र फोनवर आलं. पाहुण्यांची परवानगी आता महिन्या-महिन्याने वाढणार नाही. मुख्य किल्ली कुणाकडे आहे ते पक्कं करा. चालू परवानगी संपली की पाहुण्याच्या फोनला गाडी दार उघडणार नाही. माझी परवानगी त्याच आठवड्यात, गुरुवारी संध्याकाळी संपत होती.

मी गाडी घेऊन सर्व्हिस सेंटरला गेले. तिथल्या मेकॅनिकच्या हाताला ग्रीसचा डागही नव्हता. त्याने गाडीला संगणक जोडला, बघितलं आणि म्हणाला, “तुमच्या मिस्टरांच्या फोनवरून त्यांनी ‘हो’ दाबलं की मुख्य किल्ली तुमच्याकडे येईल. दोन मिनिटांचं काम आहे.”

“ते नाहीत,” मी म्हटलं. “आणि फोन चोरीला गेला.”

“मग कागदपत्रं लागतील. बरेच महिने जातात.” तो परत पडद्याकडे वाकला. “पण मॅडम, फोन चालू आहे. काल सकाळी गाडीला दोन किल्ल्या दिसल्या आहेत. एक तुमची, आणि दुसरी अगदी जवळ. फोन बंद पडला असता तर असं दिसलं नसतं. कुणीतरी तो चार्ज करतंय.”

भुताला मी सरावले होते. पण रोज न चुकता फोन चार्जिंगला लावणारं भूत मला झेपेना.

“विनंती पाठवून तर बघू,” तो म्हणाला. त्याने दाखवलं तसं मी माझ्या फोनवर दाबलं. ‘मुख्य किल्ली माझ्या नावे करावी.’ आम्ही दोघं फोनकडे बघत राहिलो. थोड्या वेळाने उत्तर आलं.

‘सारथीने तुमची विनंती नाकारली आहे.’

मेकॅनिकने उगीचच एक वायर उचलून गुंडाळायला घेतली. मी परत विनंती पाठवली. परत नाकारली.

गाडी रस्त्याच्या कडेला थांबवून मी तिच्यात बसून त्याच्याशी भांडले. मोठ्याने भांडले, काचा बंद होत्या. आयुष्यात तो मला ‘नाही’ म्हणाला नव्हता. त्याला एखादी गोष्ट पटली नाही की तो उठायचा आणि कुठला तरी गळका नळ दुरुस्त करायला घ्यायचा. घरातले सगळे नळ त्यामुळे ठणठणीत होते. आणि आता, जिथून कुणी काही बोलत नाही तिथून तोंड वर करून नाही म्हणतोस? मेल्यावर तुला अक्कल आली का नाही म्हणायची? मला पाहुणी म्हणून ठेवलंस, ठेव. पण पाहुणीला निदान घरापर्यंत तरी सोड. मी खूप रडले. त्याच्यावर चिडता येतंय, याचं कुठेतरी बरंही वाटलं.

लॅबच्या मालकीणबाईंनी मला आधीच स्पष्ट सांगितलं होतं. “तुझं दुःख मला कळतं गं, पण दात वेळेवर पोचले पाहिजेत. गाडी नसेल तर पोचवायला मला दुसरी बाई बघावी लागेल, आणि ती आली की नुसतं दात लावायला तुला ठेवणं मला जमणार नाही.” त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. घरी मी आणि बाबा. गाडी गेली की काम जाणार, आणि काम गेलं की आम्ही दोघांनी एकमेकांची तोंडं बघत बसायचं.

गुरुवार उजाडेपर्यंत मी किती विनंत्या पाठवल्या याचा हिशेब ठेवला नाही. लॅबमधून, सिग्नलला थांबल्यावर, दवाखान्याच्या पायऱ्यांवर. प्रत्येक वेळी नकार. कधी लगेच, कधी वेळ लावून, जणू माणूस विचार करून नाही म्हणतोय. रोज घरी आल्यावर बाबा विचारायचे, “झालं का गाडीचं?” मी म्हणायचे, “नाही म्हणतोय.” बाबा खिडकीकडे बघायचे. ‘नाही म्हणतोय’ म्हणजे कोण, ते त्यांनी एकदाही विचारलं नाही. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

गुरुवारी मी दुपारचे डबे गाडीत भरायला घरी आले. डबे म्हणजे कवळ्यांचेच, सकाळच्या खेपेत घरीच राहिलेले. गाडी आमच्या जागेवर, भिंतीला लागून उभी होती. त्या भिंतीपलीकडे बाबांची खोली. तळमजला असल्यामुळे त्यांची खिडकी आणि गाडीचं दार यांच्यात माणूस जेमतेम शिरेल एवढीच जागा उरते. दुपारचं ऊन होतं, गाडी तापलेली, म्हणून सगळ्या काचा खाली केल्या होत्या. खुर्ची नेहमीसारखी मागे गेली. मी पुढे घेतली नाही. पाय पेडलला पोचत नव्हते, तशीच लोंबकळत बसले. आता शेवटची, असं म्हणून विनंती पाठवली.

आणि शिट्टी वाजली.

पहिला सूर खालचा. दुसरा वर चढत गेला आणि शेवटी लचकला. माझ्या उजव्या कानाशी, हाताच्या अंतरावर.

पहिल्यांदा मनात आलं ते बाबांचं. दुसऱ्याच क्षणी आठवलं की बाबांना शिट्टी वाजवता येत नाही. त्यांच्या तोंडातली कवळी मी बनवली आहे. त्या कवळीतून असा सूर निघत नाही, कुणी जीव ओतला तरी निघत नाही. त्या खोलीत बाबांशिवाय कुणी नव्हतं. आणि शिट्टी तर त्याचीच होती, शेवटच्या लचक्यासकट. सवय इतकी चिवट असते की त्या भीतीतही माझ्या मनात आलं, चहाचं आधण ठेवायला हवं.

माझ्या हातातला फोन थरथरला. ‘सारथीने तुमची विनंती नाकारली आहे.’

मी परत पाठवली. भिंतीआडून परत शिट्टी वाजली. या वेळी मी वळून खिडकीतून आत बघितलं. बाबा खिडकीशी खुर्चीवर बसले होते. त्यांच्या मांडीवर फोन होता. काच एका कोपऱ्यातून तडकलेली, रस्त्यावर पडून तडकली असणार. त्यांनी डोळे मिटले होते आणि मान किंचित तिरपी करून ते ऐकत होते. शिट्टी संपली तरी तसेच होते. मग त्यांनी डोळे उघडले, बोट उचललं आणि ‘नाही’ दाबलं.

मी गाडीतून उतरले, घरात गेले आणि त्यांच्या दारात उभी राहिले. काय काय बोलायचं ते उंबऱ्याशी येईपर्यंत माझ्या डोक्यात तयार होतं. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि फोन लपवला नाही. त्याचा मला जास्त राग आला.

“तुम्ही म्हणालात फोन नव्हता,” मी म्हटलं.

“हो. म्हणालो.”

“एवढे महिने. मी वेडी व्हायची वेळ आली होती. रोज ती खुर्ची मागे जायची, मला वाटायचं तो...”

“मी खिडकीतून बघायचो,” बाबा म्हणाले. “तू दार उघडलंस की ती मागे जाते. तो बसायचा तशी. मला इथून बरोबर दिसतं. मग तू ती पुढे घ्यायचीस.”

ते तक्रार करत नव्हते. पण रोज सकाळी मी त्यांच्या मुलाला त्यांच्या डोळ्यांदेखत खुर्चीवरून ढकलत होते, हे मला तेव्हा कळलं. माझी तयार केलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. मी त्यांच्या पलंगावर बसले.

“दवाखान्यातून पिशवी घेतली ना, तेव्हा फोन माझ्या हातात होता,” बाबा सांगायला लागले. “बाकी सगळं तुझं. घर तुझं, गाडी तुझी, त्याचे कपडे तुझ्या कपाटात. ते बरोबरच आहे. मला वाटलं, एक वस्तू आपल्याला असू दे. फोन उघडायचा आकडा मला माहीत नाही. आतलं काही बघितलं नाही गं. नुसता चार्ज करून उशाशी ठेवायचो. कधी विसरायचो, तर तो बंद पडायचा.”

ज्या सकाळी खुर्ची हलली नव्हती, त्या सकाळचा उलगडा झाला. नंबर मी बंद केला होता, पण घरातलं वायफाय त्या फोनला आपोआप मिळत होतं.

“मग महिन्याने एकदा त्यातून शिट्टी वाजली. मी इथेच होतो. माझ्या हातातला कप फुटला, तुला आठवतं? तू मला रागावली होतीस. काचेवर लिहिलं होतं, पाहुणीला परवानगी वाढवायची का? फोन उघडावा लागत नाही, तसंच दाबता येतं. मी म्हटलं, तो काय म्हणाला असता? तो हो म्हणाला असता. मी हो दाबलं. मग महिनाभर वाजला नाही.”

“आणि आता नाही का म्हणताय?” माझा आवाज चढला. “बाबा, आज संध्याकाळी गाडी बंद होतेय. माझं काम जाईल. हे तुम्हाला माहीत आहे. मी रोज सांगतेय तुम्हाला.”

“माहीत आहे.” ते फोनच्या तडकलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत राहिले. “पहिल्यांदा नाही म्हटलं ते घाबरून. त्यावर लिहून आलं होतं, ही किल्ली कायमची पुसली जाईल. पुसली जाईल म्हटल्यावर माझा हात ‘हो’वर जाईना. नाही दाबलं. तर तू लगेच परत विचारलंस. आणि तो परत वाजला.”

मी हातातल्या माझ्या फोनकडे बघितलं.

“हो म्हटलं की संपतं ना,” बाबा म्हणाले. “नाही म्हटलं की तू परत विचारतेस. परत विचारलंस की तो परत शिट्टी मारतो. या आठवड्यात किती वेळा मारली त्याने. तो लहान असताना मी त्याच्यासाठी मारायचो तेवढ्या वेळा. मी म्हणायचो, आता पुढच्या वेळी हो म्हणू. तुझं नुकसान करायचं नव्हतं मला. पण शिट्टी वाजली की वाटायचं, अजून एकदा.”

बाबा रडत नव्हते. मी रडत होते. मला त्यांचा राग आलेला होता, तो गेला नव्हता, आणि त्यांना जवळ घ्यावंसं वाटत होतं. एकाच वेळी दोन्ही. त्यांच्या पायाशी बसून मी म्हटलं, “मला एकदा तरी बोलवायचं होतं ऐकायला.”

“चुकलं माझं,” बाबा म्हणाले.

मला एक युक्ती सुचली. डोळे पुसून मी माझा फोन पुढे केला. “आपण ती माझ्या फोनमध्ये भरून घेऊ. आता वाजली की लगेच. मग तुम्हाला हवी तेव्हा ऐकता येईल.”

बाबांनी थोडा विचार केला. “भर हवी तर. पण आपण वाजवली की वाजणार, ती मला नको. आता कसं, मला माहीत नसतं केव्हा वाजेल. पाठमोरा असलो की वाजते. तो गल्लीच्या तोंडाशी आल्यासारखा.”

मी फोन खाली ठेवला. बाहेर गाडी उन्हात उभी होती, दार अर्धवट उघडं, खुर्ची मागे गेलेली. लॅबमधून फोन आला, मालकीणबाईंचा. मी घेतला नाही. कवळ्यांचे डबे मागच्या सीटवर होते. ज्यांचे दात त्यात होते ते लोक दवाखान्यात वाट बघत असतील, पण आज त्यांना थोडं थांबावं लागणार होतं.

“आज हो म्हणायचंय बाबा,” मी म्हटलं. “त्याला इलाज नाही.”

“हो. म्हणू.” त्यांनी मान हलवली. “तू पाठव. मी ऐकतो आणि हो म्हणतो.”

मी विनंती पाठवली. त्यांच्या हातातला फोन वाजला. या वेळी मी त्यांच्या गुडघ्याशी होते. मधे भिंत नव्हती. शिट्टीच्या आधी त्याने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. जेवताना वाजणाऱ्या त्या शिट्टीत तो दर वेळी होता, आणि मी कधी ऐकलाच नव्हता. श्वास, खालचा सूर, मग वरचा, मग तो लचका. बाबांचे ओठ नकळत गोल झाले होते. त्यांच्या कवळीतून नुसती हवा आली.

काचेवर विचारणा उजळत होती. ही किल्ली कायमची पुसली जाईल. पाहुणीला मालक करायचं का? हो. नाही. बाबांचं बोट वर उचललेलं राहिलं, खाली येईना. शेवटी त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

“माझ्याने होत नाही,” ते म्हणाले. “तू दाब.”

फोन त्यांच्या हाताने गरम झाला होता. त्याच्या मृत्यूनंतर मी तो पहिल्यांदाच हातात घेत होते. सगळा आठवडा मी ज्या ‘हो’साठी त्याला शिव्याशाप दिले, ते माझ्या अंगठ्याखाली होतं. माझ्या बोटांना प्लास्टर लागलेलं होतं, पण या फोनला ते चालणार होतं. मी बाबांकडे बघितलं आणि ‘नाही’ दाबलं.

मी माझा फोन उचलला, परत विनंती पाठवली, आणि आम्ही दोघंही दाराकडे पाठ करून बसलो. परवानगी संध्याकाळी संपणार होती. अजून दुपारच होती.